उशिराच्या सह्या

२०२५च्या २६ सप्टेंबरला चंडीगडच्या हवाई तळावर मिग-२१ने शेवटचे उड्डाण केले. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः उड्डाणात होते, संरक्षण मंत्री राजनाथ सिंह समोर उपस्थित होते, आणि उतरलेल्या विमानांना पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी मिळाली. याच चंडीगडला १९६३ मध्ये या विमानाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली होती. बासष्ट वर्षांच्या सेवेला असा निरोप मिळणे योग्यच होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनी हल्ला केला आणि पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. कारगिलच्या डोंगरांवर ही विमाने उडाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेन्नईचे सुपुत्र अभिनंदन वर्धमान ज्या विमानातून झेपावले तेही मिग-२१च होते. नाशिकजवळच्या ओझरमध्ये या विमानांची बांधणी करण्यात मराठी कामगारांच्या दोन पिढ्यांची हयात गेली. त्यांनाही या निरोपाचा अभिमान वाटला असेल, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

या सोहळ्याच्या नऊ दिवस आधी, १७ सप्टेंबरला, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांच्या मृत्यूला चोवीस वर्षे पूर्ण झाली. राजस्थानातील सुरतगडच्या तळावरून २००१ साली त्या तारखेला त्यांनी मिग-२१ घेऊन उड्डाण केले आणि थोड्याच वेळात विमान कोसळले. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा हवाई दलाचा निष्कर्ष होता. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांना तो पटला नाही. त्यांनी आणि त्यांचे पती अनिल गाडगीळ यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. विमान किती जुने होते, सुटे भाग कुठून आले होते, त्या यंत्राला हात लावण्याआधी आपल्या मुलाला पुरेसे शिक्षण कोणत्या विमानावर मिळाले होते, असे ते प्रश्न होते. मुलाच्या नावाने त्यांनी हवाई सुरक्षेसाठी ‘अभिजित एअर सेफ्टी फाउंडेशन’ सुरू केले. पुढे वर्षानुवर्षे, दुसऱ्या कुणाच्या मुलाचे मिग कोसळल्याची बातमी आली की वार्ताहर या मराठी आईकडे जात आणि त्या बोलत.

पुत्रशोकात असलेल्या आईने सरकारला जाब विचारणे आपल्याकडे अवघड जाते. जवान गेला की गावाची एक रीत ठरलेली आहे. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी येते, बाजारपेठ बंद राहते, पालकमंत्री येतात, बंदुकीच्या फैरी झडतात, शाळेला किंवा चौकाला नाव दिले जाते. पुढे १५ ऑगस्टला आणि १ मे रोजी वीरमाता, वीरपिता म्हणून व्यासपीठावर शाल-श्रीफळ मिळते. यात काही खोटे नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पहिल्या महायुद्धापासून घरोघरी फौजेतली माणसे आहेत आणि तिथला आदर शंभर नंबरी खरा आहे. पण त्या व्यासपीठावर वीरमातेपुढे माईक क्वचितच येतो. तिने हात जोडावेत, डोळे टिपावेत आणि खाली बसावे, एवढेच अपेक्षित असते. ती उभी राहून ‘हे विमान अजून का उडत होते?’ असे विचारू लागली, तर सभेत चुळबुळ सुरू होते. मुलाच्या बलिदानाला गालबोट लावू नका, असे तिलाच सांगितले जाते.

कविता गाडगीळ यांनी सन्मान आणि प्रश्न यांतले काही एक निवडायला नकार दिला, यातच त्यांचे मोठेपण आहे. मुलाच्या गणवेशाचा त्यांना अभिमान होता. त्या गणवेशाच्या लायकीचे यंत्र त्याला मिळाले होते का, हे त्यांना कळायला हवे होते. हवाई दलाशी त्यांचे वैर नव्हते. सध्याच्या आणि पुढच्या वैमानिकांच्या आयांच्या वतीने त्या बोलत होत्या.

वैमानिकाची चूक आणि धोरणाची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अपघाताला दोहोंपैकी एकच कारण असते, असे धरून ही चर्चा वर्षानुवर्षे चालली. हवाई दल म्हणे, मानवी चूक. कुटुंबीय म्हणत, यंत्राचा दोष. पण मिग-२१ हे विमान मुळातच कडक होते. त्याचे पंख छोटे, त्रिकोणी आणि धावपट्टीवर टेकताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे. वैमानिकाच्या किंचित विलंबालाही त्यात माफी नव्हती. असे यंत्र हातात देण्याआधी तरुण वैमानिकाला त्याच्या जवळपासच्या वेगाच्या प्रशिक्षण विमानावर तयार करायला हवे, हे जगातल्या बहुतेक हवाई दलांना उमगलेले होते. आपल्याकडे वैमानिक किरण या संथ विमानावरून उठून थेट मिगवर जात. मधली पायरीच नव्हती. उतरताना अशा मुलाचा अंदाज चुकला तर चौकशीच्या कागदावर ‘वैमानिकाची चूक’ असे लिहिले जाई, आणि ते अक्षरशः खरेही असे. ती चूक होण्याची जागा मात्र दिल्लीत, एका न हललेल्या फाइलवर तयार झालेली असे.

ती पायरी बांधायला हवी, हे सांगणारा अहवाल १९८२ चा आहे. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने तेव्हाच प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. १९९७ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही लढाऊ विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. ब्रिटिश बनावटीच्या हॉक विमानांचा करार मात्र झाला तो मार्च २००४ मध्ये, आणि पहिली विमाने बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. शिफारशीपासून सहीपर्यंत बावीस वर्षे लागली. अभिजित गाडगीळ गेले ते या बावीस वर्षांच्या आत, करार होण्याच्या अडीच वर्षे आधी.

या बावीस वर्षांत संरक्षण मंत्रालयाच्या खुर्चीवर कोण कोण बसले, याची यादी मराठी वाचकाने जरा थांबून वाचावी. रामस्वामी वेंकटरामन, शंकरराव चव्हाण, नरसिंह राव, राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह, कृष्णचंद्र पंत, चंद्रशेखर, शरद पवार, तेरा दिवसांच्या सरकारात प्रमोद महाजन, मग मुलायमसिंह यादव, जॉर्ज फर्नांडिस, जसवंत सिंह. काँग्रेस, जनता दल, भारतीय जनता पक्ष, समाजवादी, सगळेच यात आले. महाराष्ट्राची नावेही आली. कुणी काही महिने होते, कुणी दिवस, कुणी वर्षे. ज्या दिवशी अभिजित यांचे विमान कोसळले त्या दिवशी फर्नांडिसही खुर्चीवर नव्हते. तहलका प्रकरणात त्यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला होता, जसवंत सिंह यांच्याकडे परराष्ट्र खात्याबरोबर संरक्षणाचाही कार्यभार होता आणि फर्नांडिस ऑक्टोबरमध्ये परतले. मग आईने कुणाचे नाव घ्यायचे? युद्ध पुकारणारा पंतप्रधान एक असतो, त्याला बोट दाखवता येते. न झालेल्या खरेदीचे पाप मात्र इतक्या हातांत वाटले जाते की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभरच उरते आणि ती चिमूट कुणाला टोचत नाही.

आमचे म्हणणे असे की उशीर हाही निर्णयच असतो. फाइल परत पाठवण्यावर कुणाची तरी सही असते, नव्या निविदेचा आदेश कुणी तरी काढलेला असतो, या वर्षी तरतूद नाही असा शेरा कुणी तरी मारलेला असतो. त्या प्रत्येक सहीखाली तारीख असते. लोकशाहीत राजकीय जबाबदारी म्हणजे ती तारीख लोकांपुढे ठेवायची तयारी. मंत्र्याने शोक व्यक्त केला, मदत जाहीर केली, तळाला भेट दिली, यांपैकी कशानेही ही जबाबदारी पुरी होत नाही.

फर्नांडिस यांनी एक गोष्ट मनापासून केली, ती नोंदवायला हवी. मिगला ‘उडती शवपेटी’ म्हणण्याची रीत पडली होती, तेव्हा ऑगस्ट २००३ मध्ये ते अंबाल्याला गेले आणि वयाच्या ७३ व्या वर्षी दोन आसनांच्या मिग-२१मधून उडाले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा आणि पालिका कामगारांचा हा जुना पुढारी घाबरणारा नव्हता, आणि वैमानिकांचा विश्वास वाढावा हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता. पण निष्णात वैमानिकाच्या सोबतीने, खास तयार ठेवलेल्या विमानातून दिवसाढवळ्या मारलेली एक फेरी नवख्या मुलाच्या उड्डाणाबद्दल काहीच सिद्ध करत नव्हती. त्या वेळी हॉकची फाइल त्यांच्याच मंत्रालयात होती. तिच्यावरची सही वर्षभर आधी झाली असती तर ते धाडस त्या उड्डाणापेक्षा मोठे ठरले असते.

२०१२ च्या मे महिन्यात संरक्षण मंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. तोवर घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांतील आठ जण मृत्युमुखी पडले होते. यांत मिगचे सगळे प्रकार आहेत, मिग-२१चा वाटा मोठा. हे आकडे कुठल्याही रणभूमीवरचे नव्हेत. बहुतेक मुले रोजच्या सरावात, आपल्याच आकाशात, समोर शत्रू नसताना गेली. त्यानंतरही हे थांबले नाही. जुलै २०२२ मध्ये बाडमेरजवळ दोन वैमानिक गेले. ८ मे २०२३ रोजी सुरतगडहून उडालेले मिग-२१ हनुमानगड जिल्ह्यात एका घरावर पडले आणि तीन बायका मेल्या. अभिजित गाडगीळ ज्या तळावरून उडाले होते तोच हा तळ, मध्ये साडेएकवीस वर्षे लोटली होती.

मेलेला वैमानिक आपली बाजू मांडू शकत नाही, म्हणून ती कशी मांडता आली असती हे एका जिवंत वैमानिकाच्या खटल्यात दिसते. विंग कमांडर संजीत सिंग कैला यांच्या मिग-२१ला जानेवारी २००५ मध्ये राजस्थानात आग लागली. ते वाचले, पण दुखापतीमुळे पुन्हा लढाऊ विमान चालवू शकले नाहीत. त्यांनी बांधणीतल्या हलगर्जीबद्दल हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि सरकारविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांना एकूण ५५ लाख रुपये भरपाई मंजूर केली. सैनिक धोका पत्करूनच सेवेत येतो, पण सदोष यंत्राचा धोका त्याने पत्करलेला नसतो, असा त्या निकालाचा आशय होता. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातला जगण्याचा हक्क गणवेश चढवला म्हणून गळून पडत नाही. कैला वाचले म्हणून हा निकाल मिळाला. त्यांच्या जागी विमानाबरोबर गेलेला कुणी असता तर त्याच्या वतीने हे सगळे एखाद्या आईलाच म्हणावे लागले असते, आणि तिच्या हाती एकही तांत्रिक कागद नसता.

हा कागद घरच्यांना देणे किती कठीण केले आहे, ते बंगालच्या उपसागराने दाखवले. २२ जुलै २०१६ च्या सकाळी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. तेव्हाचे संरक्षण मंत्री मनोहर पर्रीकर दुसऱ्याच दिवशी तांबरमला पोहोचले आणि शोधमोहिमेच्या विमानातून समुद्रावर फिरले. त्या माणसाची कळकळ खरी होती. जहाजे, विमाने, पाणबुडी सगळे लावून पाहिले, हाती काही आले नाही. पाण्याखालून ठावठिकाणा कळवणारे संकेतयंत्र त्या विमानावर नव्हते. नियमित समुद्रावरून ये-जा करणाऱ्या लष्करी विमानावर ते नसावे, हा निर्णय कुणाचा होता? निर्णयच झाला नव्हता, हेच बहुधा उत्तर असेल, आणि ते आधीच्या सगळ्या गोष्टींशी जुळते.

२९ घरांनी साडेसात वर्षे वाट पाहिली. कायद्याने मृत्यू मानला गेला, पेन्शनचे कागद झाले, पण अंत्यसंस्काराला काही नव्हते. अखेर चेन्नईच्याच राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या मानवरहित वाहनाने, किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल तळाशी पडलेले अवशेष टिपले. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने ते बहुधा त्याच विमानाचे असल्याचे जाहीर केले. ही संस्था पल्लीकरणैला आहे, तांबरमला जाणाऱ्याच रस्त्यावर. शास्त्रज्ञांचे काम थोर आहे. पण विमान का पडले, याचे पुरते उत्तर त्या घरांना आजही मिळालेले नाही.

इथे कुणी म्हणेल, लष्करी चौकशा उघड्या करता येत नाहीत, शत्रूला फायदा होतो. काही भाग झाकावा लागतो, हे मान्य. पण झाकण्याची आपली सवय गरजेपेक्षा फार मोठी आहे. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल साठ वर्षांनंतरही अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला नाही. त्या युद्धाची राजकीय जबाबदारी कृष्ण मेनन यांनी राजीनामा देऊन चुकती केली, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला आणि यशवंतराव चव्हाण संरक्षण मंत्री झाले. पण त्या बर्फात अपुऱ्या कपड्यांत आणि जुन्या बंदुकांनिशी गेलेल्या मुलांच्या आई-वडिलांना काय झाले ते सरकारच्या तोंडून कधीच कळले नाही. आता ते आई-वडील जगातून गेले. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल काही भाग वगळून का होईना संसदेपुढे आला, तेव्हा देशाचे काहीही बिघडले नाही. उलट गुप्तहेर यंत्रणेतली आणि निर्णयप्रक्रियेतली भोके दिसली, म्हणून पुढे सुधारणांचा विषय तरी निघाला.

ब्रिटनने २००६ नंतर काय केले ते आपल्या संरक्षण मंत्रालयाने वाचावे. २ सप्टेंबर २००६ रोजी निमरॉड जातीचे त्यांचे जुने टेहळणी विमान अफगाणिस्तानात हवेत इंधन घेतल्यावर पेटले आणि १४ जण मेले. मृतांच्या वडिलांनी, पत्नींनी पिच्छा सोडला नाही. सरकारने एका ज्येष्ठ वकिलाकडे, चार्ल्स हॅडन-केव्ह यांच्याकडे, स्वतंत्र चौकशी सोपवली. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या अहवालाने ‘यंत्रणेतील त्रुटी’ असे गुळमुळीत शब्द वापरले नाहीत. खर्चकपातीच्या दबावाखाली सुरक्षेची तपासणी कशी कागदी झाली ते सांगताना त्याने वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांची आणि कंपन्यांतल्या जबाबदार माणसांची नावे घेतली. पुढच्या वर्षी लष्करी विमानांच्या सुरक्षेसाठी विमाने उडवणाऱ्या दलापासून वेगळे प्राधिकरण उभे राहिले. ब्रिटिश हवाई दल त्याने दुबळे झाले नाही.

इराक युद्धाच्या वेळी याच देशात रेग कीज यांनी आणखी सरळ मार्ग धरला. जून २००३ मध्ये त्यांचा मुलगा टॉम इराकमध्ये मारला गेला. मे २००५ च्या निवडणुकीत ते पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याच मतदारसंघात उभे राहिले. हरणार हे ठाऊक होते. निकालाच्या व्यासपीठावर ते मुलाबद्दल बोलले तेव्हा ब्लेअर मागे उभे राहून ऐकत होते, आणि ते साऱ्या देशाने पाहिले. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत सिंडी शीहन, बगदादमध्ये मारल्या गेलेल्या केसीची आई, टेक्ससमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या शेतघराबाहेर तंबू ठोकून बसली. मुलगा कोणत्या कारणासाठी मेला हे त्यांनी समोर येऊन सांगावे, एवढीच तिची मागणी होती. बुश भेटले नाहीत. विरोधी पक्षाने मात्र तिला डोक्यावर घेतले आणि बहुमत मिळाल्यावर युद्ध थांबवले नाही. २००७ मध्ये ती थकून बाजूला झाली, तेव्हा तिचा राग दोन्ही पक्षांवर होता. दुःखी आईला झेंड्यासारखे फडकवणाऱ्या विरोधकांपासून आपल्याकडच्या पालकांनीही सावध राहायला हवे. आज विरोधात बसलेल्यांच्या सह्याही त्या जुन्या फायलींवर आहेत, हे वरची यादीच सांगते.

२००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ आला तेव्हा त्यातल्या मृत मिग वैमानिकाची आणि त्याच्या आईची तुलना गाडगीळांशी झाली. प्रदर्शनाआधी संरक्षण खात्यासाठी त्याचा खास खेळही झाला होता. त्या चित्रपटातली मुले शेवटी मंत्र्याला गोळी घालतात. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर येण्याची एक लाट देशात आली. त्या टाळ्यांत कुठे तरी खरी वेदना होती, तरी आमच्या मते खऱ्या आईने निवडलेला मार्ग अधिक कठीण आणि अधिक लोकशाहीचा होता. गोळीने एक माणूस मरतो आणि फाइल तशीच राहते. कविता गाडगीळ फाइल मागत होत्या.

त्यांचा प्रत्येक तांत्रिक आक्षेप बरोबर होता, असे म्हणायची गरज नाही. दुःख माणसाला तज्ज्ञ बनवत नाही, आणि एखाद्या अपघाताबाबत आई चुकीची आणि चौकशी बरोबर असू शकते. पण प्रश्न विचारण्याचा अधिकार उत्तर आधीच ठाऊक असण्यावर अवलंबून नसतो. उलट जिच्याकडे कागद नाही तिनेच विचारायचे असते, आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याने उत्तर द्यायचे असते. चुकीच्या शंकेवरचा उपाय म्हणजे पुरावा दाखवणे. मनोधैर्य खच्ची होते, असे म्हणून आईला गप्प करणे हा उपाय नव्हे. चूक लपवली जाणार नाही, आपल्या माघारी आपल्यावर खोटा ठपका बसणार नाही, एवढा भरवसा असलेला वैमानिक अधिक निर्धास्तपणे उडतो.

राजकीय जबाबदारीचा आपल्याकडे पायंडाच नाही, असेही कुणी म्हणू नये. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यातील अरियलूरला पूल वाहून जाऊन रेल्वे कोसळली, तेव्हा लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. पूल त्यांनी बांधला नव्हता. पण खाते त्यांचे होते, आणि मेलेल्यांच्या घरांना सांगायला दुसरे काही नव्हते. मिगच्या बासष्ट वर्षांत अपघातांसाठी असा एकही राजीनामा आम्हाला आठवत नाही. आता राजीनाम्याने फार काही साधेल असेही नाही. त्यापेक्षा उपयोगाचे काम समोर आहे.

मिग-२१च्या निरोपाच्या आदल्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, सरकारने हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा ६२ हजार कोटींहून अधिक रकमेचा करार केला. त्याआधीच्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा आहे आणि त्यातले पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत यायचे होते. मिग-२१च्या निरोपापर्यंत ते आलेले नव्हते. इंजिने परदेशातून उशिरा येतात, हे एक कारण सांगितले जात होते. हवाई दलाला मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२ आहेत आणि मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. मिग-२१ची जागा घ्यायची म्हणून हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजेच तेजसचा, प्रकल्प मंजूर झाला तो १९८३ मध्ये. त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहायला २०१६ उजाडले. तो वेळेवर आला असता तर सुरतगडच्या त्या तळावर २००१ मध्ये कोणते विमान उभे असते, हा प्रश्न कविता गाडगीळ यांनी विचारला तर त्याचे उत्तर देणारा एकही मंत्री सापडणार नाही.

संसदेच्या येत्या अधिवेशनात महाराष्ट्राच्या एखाद्या खासदाराने, पक्ष कोणताही असो, संरक्षण मंत्र्यांना लेखी विचारावे: १९८२ च्या शिफारशीपासून २००४ च्या करारापर्यंत प्रशिक्षण विमानाची फाइल कोणत्या तारखेला कुणाकडे होती आणि तिच्यावर काय शेरे आहेत? २०१२ नंतरच्या मिग अपघातांचा एकत्रित तक्ता कुठे आहे? मृत वैमानिकांच्या घरच्यांना चौकशी अहवालाचा, गुप्त भाग वगळून, उरलेला मजकूर कधी देणार? तांबरमच्या विमानाबद्दल त्या २९ घरांना काय कळवले? आणि तेजसच्या विलंबाची जबाबदारी आज, कुणाचा मुलगा जाण्याआधी, कोणत्या पदावर निश्चित केली आहे? उत्तराखाली मंत्र्यांची सही आणि तारीख असावी.